मधल्या खोलीतलं भात, मागच्या खोलीतलं नेट

आमच्या घरात इंटरनेट सगळ्यात जोरात देव्हाऱ्यात चालतं. देवांची काही तक्रार नव्हती. तक्रार सुनेची होती.

आधी घर समजून घ्या, नाहीतर तुम्हीही त्या इंटरनेटवाल्या भूषणसारखा मलाच दोष द्याल. मी धसईच्या बाजारात डोक्यावर टोपली घेऊन काकड्या विकत मोठा झालो. पैसे येत गेले तशी मागे एकेक खोली जोडत गेलो. पुढे ओटी, ओटीवर देव्हारा, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी, शेताला लागून, मुलाची आणि सुनेची खोली. आगगाडीसारखं लांबलचक घर! (मुरबाडला रेल्वे येईल येईल म्हणून वाट बघून थकलो आणि घरच तसं बांधलं.)

गणपती झाल्यावर भूषण वायरचं भेंडोळं घेऊन आला.

"काका, राउटर मधल्या खोलीत लावू. घर लांब हाय तुमचं."

"वायरीचं काय?"

"ओटीपर्यंत फुकट. पुढं मीटरवर पैसं लागतील."

"मग ओटीवर लाव."

"मागं रेंज कमी पडंल, काका."

"मला शिकवतोस? लाव!"

देव्हाऱ्यात दिव्यांच्या माळेसाठी प्लग होताच. राउटर मारुतीशेजारी बसला. मागच्या खोलीत जाऊन बघितलं तर मोबाईलवर सिनेमा न अडखळता पळत होता. मी भूषणकडे असं बघितलं की तो घाईघाईने चहा पिऊन गेला. त्या दिवशी मधली खोली रिकामी होती. एवढं वाक्य लक्षात ठेवा.

आता सुनेबद्दल. वृषाली भातसानगरची, धरणावरच्या कर्मचाऱ्याची मुलगी. ठाण्याच्या एका कंपनीचं काम घरातूनच करते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दारात सुकटवाली आली. वृषालीने भाव विचारला, "राहू दे मावशी" म्हणाली आणि चालायला लागली. मी ओटीवरून बघत होतो. हा माझा नियम! भाव पटला नाही की पाठ फिरवायची, दहा पावलं चालायची, मागे बघायचं नाही. दहाच्या आत विकणारा हाक मारतोच. सुकटवालीने सहाव्या पावलावर हाक मारली. मला कधी सातच्या आत हाक आलेली नाही! मनातल्या मनात मी त्या दिवशी घराच्या चाव्या तिला दिल्या. (तोंडाने नाही. तोंडाने कौतुक केलं की भाव उतरतो.)

दिवाळीत भात झोडून झालं. व्यापाऱ्याने भाव सांगितला, मी पाठ फिरवली. मला घाई नव्हती. सगळ्या गोणी मधल्या खोलीत रचल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पार आढ्याला टेकेपर्यंत. जायला एक बोळ ठेवला. त्यातून आमची ही, म्हणजे माझी बायको, आडवी होऊन जायची आणि जाताना मला काहीतरी म्हणायची. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि वृषालीचं नेट मेलं.

"बाबा, मीटिंगमध्ये माझं तोंड उघडंच राहून चित्र अडकतं. सगळे हसतात."

"हसू दे. हसणाऱ्याचे दात दिसतात."

"बाबा, गुरुवारी अकरा वाजता परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचंय. ते तुटलं तर साहेब म्हणाले, ठाण्यात येऊन बसा. म्हणजे आम्हाला तिकडे खोली घ्यावी लागेल."

हिने चुलीवरून मान वर केली. "ऐकलंत का अवो? पोरं घर सोडून जातील, आणि तुमी बसा देवाची रेंज बघत!"

मी पेटलो. भूषणला फोन लावून असा ओरडलो की त्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. तो आला, देव्हाऱ्यासमोर उभा राहिला, मोबाईल बघितला.

"काका, स्पीड फर्स्ट क्लास हाय."

"देवाला हापिस हाय का रे? मागं जाऊन बघ!"

तो बोळातून मागे गेला, परत आला, गोणीवर हात ठेवून काहीतरी सांगायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. तो वायर विकायला आला आहे, हे मी ओळखून होतो.

मग मी स्वतः उपाय सुरू केले. राउटरमागे हिची पितळी परात उभी केली, रेंज मागे ढकलली जावी म्हणून. मागे काही गेलं नाही. परात मात्र आरतीच्या वेळी मारुतीवर पडली. मग राउटर स्टुलावर, स्टूल टेबलावर ठेवलं. शेवटी कल्याणला जाऊन रेंज वाढवायचं यंत्र आणलं. दुकानदाराला नवव्या पावलावर हाक मारायला लावली! ते यंत्र थेट वृषालीच्या खोलीत, तिच्या उशाशी लावलं. तिथे रेंज नव्हतीच. यंत्राने इमानाने, जे नव्हतं तेच वाढवून दिलं.

बुधवारी दुपारी वृषाली धावत बाहेर आली. "आई, आज घरात काय हललं? नेट थोडं सुधारलंय!"

"काय हलणार गो? पाच गोणी गिरणीला गेल्या, तेवढंच."

वृषाली थबकली. मग मोबाईल घेऊन चालायला लागली. ओटीवर आकडा मोठा. बोळात लहान. गोणींच्या मागे जवळजवळ नाहीच. तीन वेळा तीच फेरी मारून तिने मोबाईल माझ्यासमोर धरला.

"बाबा, नेट तुमच्या भातात अडकतंय."

"भात आन नेटचा काय संबंध? भात खायची वस्तू हाय!"

"एवढा जाड थर आहे, त्यात दाण्यात ओल. आरपार जात नाही. गोणी हलवा, नाहीतर विका."

"भाव चढल्याशिवाय एक दाणा हलणार नाय."

"बरं. राहू द्या."

ती आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. "आई, मी ठाण्याला मैत्रिणीकडे जाते. उद्याचं तिथून करते. जमलं तर खोलीही बघून येते." चपला घातल्या आणि अंगणातून एसटीच्या थांब्याकडे निघाली.

"अवो, ती खरंच चालली!" ही म्हणाली.

"गप. मी बघितलंय असलं. दहाच्या आत वळंल."

मी मोजायला लागलो. चार. पाच. सहा. मान ताठ. सात. बॅग या हातातून त्या हातात. आठ. नऊ. माझ्या कपाळाला घाम! दहा. ती वळली नाही. मी आयुष्यात कधी अकरावं पाऊल टाकलेलं नाही. ते तिने टाकलं.

"अगो थांब!"

माझाच आवाज होता तो. सगळ्या आळीने ऐकला.

ती वळली, हसली. "बोला बाबा, काय भाव देता?"

सौदा तिथेच अंगणात झाला. उद्यासाठी सगळ्या गोणी ओटीवर. पुढचं पुढे. मी तिची बॅग घरात न्यायला उचलली तर एकदम हलकी! उघडली. आत दोन उशा. माझ्या टोपलीत निदान खरोखरच्या काकड्या असायच्या. सून नुसत्या उशांवर मला जिंकून गेली!

गोणी मी आणि मुलाने वाहिल्या. गुरुवारी अकरा वाजता वृषाली बोलायला बसली आणि ही दाराला कान लावून बसली. तासाभराने दार उघडलं. एकदाही तुटलं नाही. साहेब म्हणाले, घरूनच करत राहा. हिने गूळ वाटला. राउटरसमोरही ठेवला.

पण गोणी ओटीवर आल्या आणि गावात बोभाटा झाला की शेटला भात विकून टाकायची घाई झाली. दुपारपर्यंत व्यापाऱ्याचा फोन. "काय शेट, अडचण हाय काय?" आणि भाव आधीपेक्षा खाली! गोणी आत नेणं भाग होतं. म्हणजे वायर मागच्या खोलीपर्यंत ओढणं भाग होतं. म्हणजे भूषण.

तो शनिवारी आला. माझा त्याच्यावरचा राग तसाच होता, आजही आहे. इथे भात भरता का, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारायला नको होतं? त्याने मीटरचा भाव सांगितला. मी अर्धा सांगितला. तो नाही म्हणाला. मग मी तेच केलं जे आयुष्यभर केलं. पाठ फिरवली आणि चालायला लागलो.

आठव्या पावलाला लक्षात आलं की घर माझं आहे आणि बाहेर मी चाललो आहे.

पण नियम तो नियम. दहा झाली. हाक नाही. अकरा. बारा. कुंपणाबाहेर चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. मागे बघायचं नाही म्हणून बघितलं नाही. आतून ड्रिल मशीनचा आवाज येत होता. अर्धा तास झाला. येणारे जाणारे विचारायला लागले, "शेट, कोनाची वाट बघताय?"

शेवटी खिशातला फोन वाजला. वृषालीचा व्हिडिओ कॉल, थेट मागच्या खोलीतून. तिच्यामागे भूषण आमच्या कपातून चहा पीत होता.

"बाबा, वायर लागली. त्याने सांगितला तो पूर्ण भाव मी देऊन टाकला. या आता घरात."

चित्र कुठे अडकलं नाही, कुठे पुसट झालं नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत, चिंचेखाली, तोंड उघडं ठेवून उभा असलेला मीसुद्धा अगदी स्पष्ट दिसत होतो.