बायनाबाईच्या पाठीसाठी चार शॉकप

आश्रुबा जिंतूरच्या एका जिनिंगात फिटर होता. कापसाच्या हंगामात यंत्र बंद पडलं की मालकापासून हमालापर्यंत सगळे त्याच्या डोक्यावर येऊन उभे राहत आणि घाई करत. तो घाई करत नसे. हातातला पाना खाली ठेवून म्हणे, "तुमी करता का? मग सरका." लोक सरकत. काम व्हायचं आणि पुन्हा त्याच जागी बिघाड निघत नसे. एवढीच त्याची कमाई, आणि ती त्याला पुरेशी वाटे.

काम सुटल्यावर तो चारठाण्याजवळच्या आपल्या खेड्यात परत आला. उजवा खांदा तोवर निकामी झाला होता. हात कानापर्यंत जाई, वर जात नसे. डोक्यावर टोपी घालायची तरी डाव्या हाताने. बाकी माणूस होता तसाच होता.

त्याची बायको बायनाबाई चारठाण्याच्या आठवडी बाजारात येसर विकायची. धान्य आणि मसाले खमंग भाजायचे, दळायचे, पुड्या बांधायच्या. पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. येसर घरोघरी करतात, पण बायनाबाईच्या भाजणीची चव वेगळी. मुली सासरी जाताना तिच्या पुड्या बांधून नेत. पिंपळाजवळ तिची जागा होती. त्या जागेला कागदपत्र काही नव्हतं. बाजारात जो बसतो त्याची जागा, हाच कायदा. ओळीने काही बाजार जागा रिकामी दिसली की शेजारचा आपलं पाल तिकडे सरकवतो आणि मग त्याला कोणी उठवत नाही.

उन्हाळ्यात बायनाबाईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसा, चाला, पण धक्का बसू देऊ नका. पुढे ती बसायला लागली, चालायलाही लागली. घरात छोटी गाडी होती, मुलाने, बालाजीने, जुनी घेतलेली. तीत बसून ती पहिल्यांदा बाजाराला निघाली. वाटेत ओढ्यावरचा नळकांडी पूल आहे. पुलाच्या तोंडाशी डांबर उखडून खड्डा पडलेला. गाडी त्यात गेली आणि खाडकन आपटली. बायनाबाईच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. आश्रुबाने तिथूनच गाडी वळवली. नंतर ती कितीतरी दिवस कुशीवर पडून होती.

असे बाजार जात राहिले. मग कोणीतरी सांगत आलं की शेजारचा सिताराम, दोऱ्या आणि बादल्या विकणारा, बायनाबाईच्या जागेवर पसरलाय.

"झालं की माय आता," बालाजी म्हणाला. "किती दिवस बाजारात बसतीस? घरी बस, आराम कर."

"मी बाजारात बसले तर तुला काय टोचायलंय?"

"मला कशाला टोचंल? तुझ्याच पाठीचं सांगायलोय."

"पाठीचं मी बघते. तू माझ्या जागंचं सांग."

आश्रुबा उठला आणि गाडीच्या खाली गेला.

सोयाबीन वाळवायला केलेल्या सिमेंटच्या खळ्यावर त्याने गाडी उभी केली होती. जमीन कडक आणि सपाट पाहिजे, नाहीतर जॅक सरकतो. आधी त्याने पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर येऊन थांबायला पाहिजे. ती पाळण्यासारखी खालीवर होत राहिली. म्हणजे पुढचे दोन्ही स्ट्रट, स्प्रिंगच्या आतले धक्का सोसणारे शॉकप, संपले होते. तेलाने माखून वर धूळ बसून काळे झालेले. मग मागचा कोपरा दाबला. तो हललाच नाही. आश्रुबाला आश्चर्य वाटलं. मागचे शॉकपही तेवढेच जुने असताना गाडी एवढी ताठ कशी? वाकून बघितलं तर मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये जाड रबरी गोळे बसवलेले.

हे काम बालाजीचं होतं. ह्या भागात ज्याच्याकडे म्हणून छोटी गाडी आहे तो हेच करतो. सुगी आली की मागचं सीट आडवं पाडायचं, सोयाबीनची पोती टाकायची. गाडी मागून बसते. ती बसू नये म्हणून स्प्रिंगमध्ये रबर. गाडी उचलून धरल्यासारखी ताठ दिसते आणि लोक म्हणतात, बघा, गाडी कशी मजबूत केली. स्प्रिंगला हलायलाच जागा राहिली नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पोत्याला धक्का लागला तर पोतं कुठे ओरडतं?

दुसऱ्या दिवशी आश्रुबा एसटीने जिंतूरला गेला. शिवकांत अप्पांचं स्पेअरपार्टचं दुकान त्याच्या ओळखीचं. कपाळाला भस्म, तोंडात सुपारी, आणि मागितलं त्यापेक्षा जास्त सल्ला.

"पुढचे दोन गेलेत ना मामा? मग पुढचेच बदला. मागचे कशाला?"

"चारी द्या."

"बरं, चारी. मग कडक घ्या. आपल्या रस्त्याला कडकच पाहिजेत. सगळे कडकच नेतात." त्यांनी फळीवरून दोन खोकी काढली. "हे बघा, हेवी ड्युटी. आन हे कंपनीत येतात तसले साधे, तेलाचे. मऊ असतात."

आश्रुबाने दोन्ही शॉकप उभे धरले. डाव्या हाताने एकेक दाबून बघितला. कडकवाला खाली जायला तयार नव्हता. साधा हळूहळू खाली गेला आणि हळूहळूच वर आला. त्याने तो पुन्हा दाबला, पुन्हा सोडला.

"अवो मामा, पपई घ्यायलाव का? किती दाबताव?"

"हे द्या. साधे."

"गाडीत पोती टाकता, मला म्हाईत हाय. बालाजीच रबर घेऊन गेला इथून. साधे टिकणार न्हाईत. आठ दिवसांत शिव्या घालत याल."

"गाडीत कोण बसणार हाय ते इचारलं का तुमी?"

"कोण?"

"बाई बसणार हाय. मणक्याचं आपरेशन झालेली."

अप्पांनी सुपारी थुंकली. मग साधे चार काढून दिले, वरचे रबर आणि माउंटिंगसुद्धा नवे घ्यायला लावले. पुढची स्प्रिंग आवळून धरायचा शिकंजा त्यांनी दुकानातलाच दिला, वापरून परत आणायच्या बोलीवर.

"ह्याला हलक्यात घेऊ नगा. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हाड फोडंल. आन मागचे खालचे बोल्ट गाडी चाकावर उभी राहिल्यावर आवळा. टांगत्या गाडीला आवळले तर आतलं रबरी बुश पिळून बसतंय."

"जिनिंगात फिटर व्हतो मी, अप्पा."

"जिनिंग खड्ड्यातून जात न्हाई, मामा."

आश्रुबाने ते एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं.

सकाळी त्याने कामाला हात घातला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. जॅकवर गाडी उचलली, पण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही. बाभळीचे ठोकळे खाली दिले, गाडी हलवून बघितली, मगच खाली शिरला. बायनाबाई खळ्याच्या कडेला खुर्चीवर बसली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिच्यापुढे स्टूल ठेवलं होतं. त्यावर येसरच्या डब्यांची झाकणं. ह्या चाकाचे नट ह्या झाकणात, त्या चाकाचे त्या.

"ह्यातला एक उरला तर?" ती म्हणाली.

"उरणार न्हाई."

"मागं मिक्सर खोलला व्हता, तवा उरला व्हता."

"तो मिक्सर अजून चालायलाय की न्हाई?"

"चालायलाय. पण उडतोय."

खालचे दोन बोल्ट गंजले होते. आश्रुबाने त्यांना तेल पाजलं आणि थांबला. ठोकून बोल्टाचं तोंड मारणारे पुष्कळ असतात. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. मग पान्यावर लोखंडी नळी चढवली आणि अंगाचं वजन टाकलं. खांदा आतून चावत होता. पहिला बोल्ट करकरत हलला. दुसऱ्यासाठी त्याला आडवं झोपून पायाने नळी रेटावी लागली. बॉनेट उघडून वरचे नट काढायचे तेव्हा हात वर जाईना, तर तो पाटावर उभा राहिला. पाटावर उभं राहिलं की वरचं काम खाली येतं.

स्ट्रट बाहेर आला. शिकंजा दोन्ही बाजूंनी लावून त्याने स्प्रिंग आवळत नेली. थोडं इकडे, थोडं तिकडे, एकदम एका बाजूला नाही. आपलं तोंड स्प्रिंगच्या सरळ रेषेत आणलं नाही. वरचा नट सुटला, जुना दांडा काढला. नवा उभा धरून चार-सहा वेळा पुरता दाबला आणि ओढला, कारण दुकानात आडवा पडून राहिलेल्या शॉकपात हवा शिरलेली असते. मग रबर, माउंटिंग, स्प्रिंगचं टोक बरोबर खाचेत. खाचेत बसलेलं डोळ्यांनी बघितलं, बोटानेही बघितलं.

दुपारपर्यंत पुढची दोन्ही चाकं झाली. मागे हात घालणार तोच बालाजी शेतातून आला.

"आबा, शॉकप बदला, पण रबर काढू नगा. सुगी तोंडावर हाय."

"रबर ऱ्हायलं तर शॉकप काय करंल?"

"ते मला म्हाईत न्हाई. गाडी माझ्या नावावर हाय. पोती काय डोक्यावर न्यायची का?"

आश्रुबाने त्याच्याकडे बघितलं. गाडी मुलाची होती, हे खरं. त्याने दात आवळले आणि रबर तसेच ठेवून मागचे शॉकप बसवले. खालचे बोल्टही गाडी टांगती असतानाच आवळले, फिटरच्या सवयीने, कचकचून.

"चला," बायनाबाई उठली. "बघू."

"आधी मी एकटा जाऊन येतो."

"पाठ काय तुमची हाय का? मीच सांगणार."

ती पुढच्या सीटवर उशी घेऊन बसली. आश्रुबाने गाडी नळकांडी पुलापर्यंत नेली आणि चालत्या माणसाच्या गतीने खड्ड्यात घातली. पुढची चाकं गेली. बायनाबाई शांत. मागची चाकं गेली आणि तिने डॅशबोर्ड धरला.

"बोल."

"पुढचं चाक गेलं ते कळलंसुद्धा न्हाई." तिने श्वास सोडला. "मागून लाथ बसली. म्हशीची."

आश्रुबा पुलावर उतरला. पाठ गाडीला टेकवून उभा राहिला. दिवसभराचं काम अर्धं झालं होतं. आणि अर्ध्या कामाचा त्याला राग होता, तो मुलावर नव्हता, स्वतःवर होता. मुलगा सांगतो म्हणून चुकीचं काम केलं, आणि अप्पा सांगतात म्हणून बरोबर काम केलं नाही.

घरी येऊन त्याने गाडी पुन्हा खळ्यावर घेतली. पुन्हा ठोकळे, पुन्हा चाकं काढली. रबरी गोळे स्प्रिंगमध्ये फसून बसले होते. त्याने विळ्याने एकेक चिरून ओढून काढला. बालाजी धावत आला.

"काय करायलाव तुमी! सांगितलं व्हतं ना?"

"सांगितलं व्हतंस. ऐकलं. आता काढायलोय."

"आन सोयाबीन?"

"टेम्पो कर. टेम्पोला मणका नसतो."

"गाडी माझ्या नावावर..."

"गाडी तुझ्या नावावर," खुर्चीवरून बायनाबाई म्हणाली, "आन पाठ माझ्या नावावर. तुला मागं पोती टाकायची असली तर गाडी ने, आताच ने. मी बैलगाडीत निजून जाईन बाजाराला. पण जाईन. सितारामला सांग जाऊन."

चिरलेलं रबर बालाजीने पायाने बाजूला लोटलं, मोटारसायकल काढली आणि निघून गेला. त्या दिवशी तो जेवायला आला नाही. आश्रुबाने त्याची वाट बघितली नाही, कारण हातातलं काम संपलं नव्हतं. मागचे खालचे बोल्ट त्याने सैल केले, चाकं चढवली, ठोकळे काढून गाडी आपल्या वजनावर उभी केली. मग खाली सरपटत जाऊन, पोटावर पडून, एकेक बोल्ट पुन्हा आवळला. खाली जागा कमी होती. पाना थोडा थोडाच फिरत होता. उजवा हात थकला तेव्हा डाव्याने आवळला. अप्पांचं म्हणणं खरं होतं. त्याने ते मनात कबूल केलं आणि पुढचा बोल्ट घेतला.

संध्याकाळी पुन्हा पूल. पुन्हा खड्डा. मागची चाकं गेल्यावर त्याने बायनाबाईकडे बघितलं. ती पलीकडच्या तुरीकडे बघत होती.

"गेलं का मागचं?" तिने विचारलं.

मधल्या एका दिवशी जिंतूरला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून घेतली, शिकंजा परत केला. अप्पांनी विचारलं, टांगती आवळली का? आश्रुबा म्हणाला, आधी टांगती, मग चाकावर. अप्पा हसले आणि चहा मागवला.

बाजाराच्या दिवशी बालाजी शेतावर गेला. येतो म्हणाला नाही, येऊ नका असंही म्हणाला नाही. आश्रुबाने गाडी काढली. मागच्या सीटवर येसरच्या पुड्यांची पिशवी आणि प्लास्टिकची खुर्ची, कारण बायनाबाईला आता जमिनीवर बसता येत नव्हतं. रस्ता तसाच होता, खड्डे तेवढेच. ती खिडकीशी बसून दोन्ही बाजूंच्या शेतांवर शेरे मारत आली. ह्याचं तण काढलं न्हाई, त्याचा कापूस पिवळा पडलाय.

पिंपळाजवळ सिताराम ऐसपैस पसरला होता. बादल्यांचे मनोरे, दोऱ्यांची वेटोळी. बायनाबाईला चालत येताना बघून त्याने मान वर केली.

"मावशी! तुमी आता येणार न्हाई म्हणले लोक."

"लोक माझ्या गाडीत बसले व्हते का?"

"न्हाई, मी आपलं जागा राखून..."

"राखलीस ना? लय उपकार झाले. आता उचल."

सितारामने दोन बादल्या आत घेतल्या. खुर्ची मावेल एवढी फट झाली. आजूबाजूचे बघायला लागले. आश्रुबा पुढे व्हायला गेला, तशी तिने त्याला हातानेच थांबवलं. फटीत खुर्ची ठेवली आणि बसली, ताठ, पाठ टेकवून. पिशवी मांडीवर घेतली.

"एवढ्यात भागंल की मावशी," सिताराम म्हणाला.

"माझं भागंल. पुड्या कुठं मांडू? तुझ्या बादलीत?"

शेजारची भाजीवाली खुदकन हसली. एक बाई येऊन उभी राहिली, म्हणाली, कुठं व्हता एवढे दिवस, दुसरीकडची आमटी घशाखाली जाईना. बायनाबाईने तिला थांबायला सांगितलं. मग उठली, खुर्ची हातभर पलीकडे, दोऱ्यांना लावून ठेवली आणि पुन्हा बसली.

सिताराम तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने दोऱ्या उचलल्या.