पाटात सोडलेले पाय

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळही नाही — आणि आमच्यात तशी लपवाछपवी नव्हती. लग्नकार्यात जेवणं उरकली की विड्यांचं तबक फिरतं. माझ्यापुढे आलं की मी हात आडवा करते. सोसत नाही, म्हणते. धाकटी जाऊ चिडवते, "पान काय काशीला सोडून आलात?" मी हसते. बघा — हसायलाही जमतं माणसाला.

स्वातंत्र्यानंतरचीच ती वर्षं. मला विषमज्वर होऊन गेला होता, म्हणून ह्यांनी वसईला उन्हाळ्यापुरती एक बंगली भाड्यानं घेतली. समुद्र लांब, राजोडीकडे. आम्ही आत, केळीच्या वाड्यांमध्ये. दोन खोल्या, वर कौलं, मागे पडवी, पडवीला लागून पाण्याचा पाट आणि पाटापलीकडे मालकांचा पानमळा. हे शनिवारी यायचे, सोमवारी परत दादरला. बाकी दिवस मी एकटी, आणि दुपारभर रहाटाची कुरकुर.

मालकीणकाकींनी आल्या दिवशीच बजावलं होतं. मळ्यात चपला घालून जायचं नाही. बाहेरची असलीस तर फिरकायचंच नाही, वेल जळते. आणि वेलीला पाणी पाजायचं, पण पायाशी तुंबू द्यायचं नाही, मुळं कुजतात. मी मान डोलावली, मनात म्हटलं, खेडवळ समजुती. पण शेवटची गोष्ट समजूत नव्हती. ते मला तेव्हाही कळलं होतं — हे आधीच सांगून टाकते.

त्यांची सून कुंदा, माझ्याहून लहान. आजारी म्हणून मला रोज गरम पेज आणून द्यायची, वर लोणच्याची फोड. मळ्याला पाणी लावायचं काम तिचं. सासू विहिरीवर बैल हाकायची आणि ही कुदळ घेऊन पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायची.

त्या दिवशी कुंदा बाहेरची होती, गोठ्याशेजारच्या पडवीत बाजूला बसलेली. तिचा नवरा केळी घेऊन वसईच्या बाजारात गेला होता. काकींनी पाणी केळींकडे लावून दिलं आणि त्या विहिरीवर गेल्या. तिथून मळा दिसत नाही. ऊन मी म्हणत होतं. मी पाटाशी गेले, चपला काढल्या — तेवढा नियम मात्र पाळला! — आणि पाय पाण्यात सोडले. पाणी जेमतेम घोट्याइतकं. मग काय सुचलं कोण जाणे, केळीच्या खोडाचं एक सोललेलं सोपट आडवं टाकलं, वर चिखल थापला, आणि माझ्यापुरतं तळं केलं. तळं भरलं, काठ फुटला, पाणी मळ्यात शिरलं. त्याच्या मागोमाग मीही चार पावलं आत गेले. वेलींच्या सावलीत ते पाणी इतकं सुरेख दिसत होतं — खोटं कशाला बोलू? मग डोळ्यांवर झापड आली. सोपट नंतर काढू म्हटलं आणि आत जाऊन आडवी झाले.

जागी झाले तर वेलींच्या बुंध्याशी पाणी उभं. मी धावत जाऊन सोपट काढलं, लांब केळीत भिरकावलं, काठ हातानं सारखा केला. तेव्हाच काकींना हाक मारली असती, चर काढून पाणी बाहेर घालवता आलं असतं. वेली वाचल्या असत्या का? असत्या बहुतेक. मी पाय धुतले आणि पोथी उघडून बसले. दिवेलागणीनंतर मळ्यात कुणी जात नाही.

सकाळी मळ्यात चिखल होता आणि चिखलात बाईमाणसाची अनवाणी पावलं. आठवड्यात पानं पिवळी पडून देठातून गळायला लागली. मुंबईची बाई अनवाणी फिरेल, हे कुणाच्या मनात येणार? आणि घरात बाहेरची कोण होती, ते सगळ्यांनाच ठाऊक.

काकी माझ्या पडवीत आल्या. डोळे सुजलेले. "बाय, तू हितंच होतीस. कुंदा मळ्यात शिरलेली का गं? खरं सांग. तू परकी, तू कशाला कोनाची बाजू घेशील?"

काय झालं असतं खरं बोलले असते तर? बंगली सोडावी लागली असती, ह्यांनी चार शब्द सुनावले असते. बस. आणि मी म्हटलं, "गेली असेल. मी झोपले होते."

गेली असेल! तोंडात मिठाची गुळणी धरून बसले असते तरी मी दोषीच होते. पण मी बोलले.

कुंदाला नायगावला माहेरी धाडलं. गाडी जुंपली तेव्हा सगळे अंगणात, मी कशी नाही जाणार? ऊन टाळायला गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिले, ती बसायची त्याच जागी. सहज मान वळवली. तिथून, दोन केळींच्या मधून, पाट स्वच्छ दिसत होता. मी पाय सोडून बसले होते नेमकी ती जागा.

तिनं पाहिलं होतं. मग ती बोलली नाही? की बोलली होती, आणि म्हणूनच काकी मला विचारायला आल्या होत्या? गाडी हलली. कुंदानं माझ्याकडे पाहिलं, मी बैलांकडे.

त्यानंतरही मी उन्हाळा संपेपर्यंत तिथेच राहिले. अंगानं भरले. वसईची हवा मानवली, असं हे सगळ्यांना सांगत. दिवाळीच्या सुमाराला काकींचा मुलगा ह्यांना दादरच्या बाजारात भेटला. मळा मोडला आणि बायको अजून माहेरीच, म्हणाला. हे घरी येऊन मला म्हणाले, "तुला पेज आणून द्यायची तीच ना गं ती?"

मी म्हटलं, "हो. तीच." आणि ह्यांना वाढायला घेतलं.