मफलरला पुसलेले हात

आमच्या मुलीला हिवाळ्यात सर्दी होऊ नये म्हणून मी एकदा तीन माणसांचे चेहरे सुजवले. त्यातला एक मुलीचाच होता. (दुसरा बायकोचा, तिसरा शेजारच्या मिश्राजींचा. सर्दी त्या आठवड्यात तिघांपैकी कोणालाही झाली नाही, हे नमूद करून ठेवतो.)

ही गोष्ट मी अकरा वर्षं कोणाजवळ बोललो नाही. मुळात मी बोलणारा माणूसच नाही. सरकारी ऑफिसात हा गुण समजला जातो. तिथं गप्प बसलं की फाईल आपोआप दुसऱ्याच्या टेबलावर जाते. घरीही मी तेच केलं. फाईल ताईच्या टेबलावर गेली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. ती वारासिवनीला असते. दर हिवाळ्यात ती आमच्याकडे बालाघाटला चार दिवस यायची, आणि लाडू करून जायची. डिंक, खारीक, मेथी आणि गोडंबी. "पोरीच्या छातीत कफ धरणार नाही," म्हणायची. माझ्या लहानपणी माझ्या छातीतला तिनं असाच हुसकून लावला होता.

पिहू तेव्हा सहा वर्षांची होती. डिसेंबर लागला की तिचं नाक वाहू लागायचं ते होळीला थांबायचं. सकाळची शाळा, वैनगंगेवरून येणारं धुकं, त्यात स्वेटरवर स्वेटर. पोर इतकी गुंडाळलेली असायची, की पडली तर लागायचं नाही, नुसती घरंगळायची! वर्गात बाई तिला डोळ्यांवरून ओळखायच्या. कॉलनीतला प्रत्येक माणूस डॉक्टर झालेला. मिश्राजी म्हणायचे, "भाईसाहब, सरसों का तेल मलो." बायको म्हणायची, "हळदीचं दूध." मी काहीच म्हणायचो नाही. पण आपणही मुलीसाठी काहीतरी करावं, असं मला त्या वर्षी वाटलं. तिथंच बिघडलं.

त्या साली वारासिवनीच्या बाजारात गोडंबी नव्हती. ताईचा फोन आला.

"बाबू, गोडंबीबिगर लाडू कायचे रे?"

"मी दौऱ्यावर बैहरले जाऊन राह्यलो. तिथून आणतो."

"आणशील तं फोडलेली आण. बिब्बे नोको आणू. तुले फोडता येत नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा हे जंगलातलं काळं, टणक फळ. त्याच्या आतला मगज म्हणजे गोडंबी. ती बदामासारखी गोड. पण सालीत जे काळं तेल असतं, ते अंगाला लागलं की अंग उततं, म्हणजे सुजून फोड येतात. पूर्वी धोबी त्या तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. कपडा फाटायचा, खूण जायची नाही.

बैहरच्या बाजारातही गोडंबी मिळाली नाही. पण नाक्यावरच्या म्हाताऱ्या चौकीदारानं पिशवीभर बिब्बे दिले आणि बजावलं, "साहब, हाथ में तेल चुपड़ के फोड़ना. और फोड़ते समय इसका नाम मत लेना, चिढ़ जाता है."

मी हसलो. मी बी.एस्सी. आहे, तेही वनस्पतिशास्त्रात! झाड चिडतं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. (तेल चुपडायचं त्यानं सांगितलं होतं, ते मी त्याच हसण्यात वाहून घालवलं.)

शनिवारी ताई आली. रविवारी दुपारी ती आणि बायको खारीक आणायला बाजारात गेल्या. पिहू झोपलेली. मी गच्चीवर वीट, अडकित्ता आणि पिशवी घेऊन बसलो. पहिला बिब्बा फुटला तेव्हा काळं तेल बोटांवर उडालं. दुसरा फुटला तेव्हा अंगठ्यावर. चाळिसाव्यापर्यंत माझे हात डांबर टाकणाऱ्या माणसासारखे झाले. साबण लावला. साबण काळा झाला, हात तसेच. तेवढ्यात खाली फाटक वाजलं. आल्या!

टॉवेल खाली होता. समोर तारेवर एकच गोष्ट वाळत होती. पिहूचा मफलर. मरून रंगाचा, ताईनं स्वतः विणलेला, 'पोर मोठी झाली तरी पुरला पाहिजे' म्हणून साडेचार हात लांब. मी शास्त्रीय विचार केला. मरून रंगावर काळं दिसत नाही.

पुसले.

खाली जाऊन वाटीभर गोडंबी ताईच्या पुढे ठेवली.

"अगाई! एवढी साफ कुठं भेटली रे?"

"बैहरले. दुकानात."

हे पहिलं खोटं. ते लाडवापेक्षा लवकर वळलं गेलं.

ताईनं गोडंबी तरीही दोनदा धुतली, तुपात परतली आणि संध्याकाळी लाडू वळले. पिहूनं दोन खाल्ले, बायकोनं एक, आणि वासावर आलेल्या मिश्राजींनी तीन! ताईनं एक खाल्ला. मी पाच. सोमवारी पिहू मफलर नाकापर्यंत गुंडाळून शाळेत गेली. दुपारी बायको तोच मफलर तोंडाला बांधून स्कूटीवरून टपाल कार्यालयात. मंगळवारी पहाटे मिश्राजी फिरायला निघालेले, फाटकापाशी थांबून म्हणाले, "आज तो हड्डी गला देने वाली ठंड है. गले में डालने को कुछ दो यार." मी दिला. माझ्या हातांनी दिला. एवढं दातृत्व मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

बुधवारी सकाळी बायकोची किंकाळी ऐकून मी धावलो. पिहू अंथरुणात बसली होती. गाल फुगून कानांना भिडलेले, ओठ जाड, आणि डोळे, सुजून पूर्ण मिटलेले. ती रडत नव्हती. नुसती चाचपडत होती.

"पापा, लाइट चली गई क्या?"

मी म्हणालो, "हौ बेटा. गेली."

(या आठवणी विनोदी म्हणून लिहायच्या आहेत, हे मला ठाऊक आहे. एवढं वाक्य मला तसं लिहिता येत नाही. पुढं जाऊ.)

बायकोची हनुवटी आणि नाक एक झालं होतं. ती "तुमी काहून ठीक आहा?" असं विचारत होती, पण ओठांतून फक्त हवा येत होती. तेवढ्यात दारावर थाप. मिश्राजी! चेहरा मडक्यासारखा, आणि गळ्यात मफलर.

"भाईसाहब, आपकी दीदी ने लड्डू में क्या डाला था?"

शाळेत माझं एकही गणित कधी वेळेत सुटलं नाही. हे एका क्षणात सुटलं. पिहू, बायको, मिश्राजी. मफलर, मफलर, मफलर. माझ्या बोटांवर तर मंगळवारपासूनच फोड आले होते. मी मिश्राजींच्या गळ्यातला मफलर काढून घेतला, आत गेलो, आणि हातमोजे चढवले.

मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, "बच्ची को क्या खिलाया?"

बायको जेवढं बोलता येत होतं तेवढं बोलली, "लड्डू. भिलवे की गोडंबी के."

"भिलवा?" बिब्ब्याचं हे हिंदी नाव ऐकताच डॉक्टर माझ्याकडे वळले. "आप तो पढ़े-लिखे लगते हैं. साँस की नली सूज जाती तो? ऐसी चीज़ घर में कौन लाया?"

हा प्रश्न थेट मला होता. ताई कोपऱ्यात पिहूची बाटली धरून उभी होती. मी तोंड उघडलं.

"सर, गोली खाने के बाद देनी है या पहले?"

त्यानंतरचे आठ दिवस मी घरात हातमोजे घालून वावरलो. चमच्यानं वरण-भात खाल्ला. ऑफिसात सह्या हातमोज्यांनी केल्या. त्या काळातली माझी सही बँकेनं अजून मान्य केलेली नाही. ताईनं एकदा विचारलं, "कायले घातले रे घरात?" मी म्हणालो, "थंडी लय आहे." ती म्हणाली, "घालून ठेव बाबू. हात गरम पाह्यजे माणसाचे."

पिहूचे डोळे तिसऱ्या दिवशी उघडले. त्याच दिवशी ताईनं पिशवी भरली. उरलेले लाडू तिनं स्वतःच अंगणात पुरले होते, कुत्र्याच्याही तोंडी लागू नयेत म्हणून. बायको तिला काही बोलली नव्हती. फक्त पिहूच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

मी बसस्टँडवर सोडायला गेलो. ताईनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "दोन पाण्यातून काढली होती रे म्या गोडंबी. तुपात चांगली परतली. एवढ्या वर्षांत असं नाही झालं. काय चुकलं असन माह्यं?"

एका वाक्याचं काम होतं. कर्ता, कर्म, क्रियापद.

मी म्हणालो, "ताई, बस आली."

मी ठरवलं होतं, पिहू बरी झाली की सांगू. पिहू बरी झाली. मग ठरवलं, बायकोचा राग उतरला की सांगू. मग दिवाळीला सांगू. ताई दिवाळीला आली, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबली. पिहू "आत्या!" करून धावली, तेव्हा ताईनं आधी हात मागं घेतले, मोरीत जाऊन साबणानं धुतले, आणि मग पोरीच्या डोक्यावर ठेवला तो एकच. त्यानंतर हिवाळ्यात ती कधी आली नाही. लाडवाचा स्टीलचा डबाही आला नाही. पिहूचं नाक दर डिसेंबरला ठरल्याप्रमाणे वाहत राहिलं. आणि मी दर डिसेंबरला ठरल्याप्रमाणे गप्प राहिलो.

मफलर मात्र मी फेकला नाही. ताईनं विणलेला. दोनदा कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेला आणि परत आणला. शेवटी पत्र्याच्या पेटीत, जुन्या विजेच्या बिलांखाली दाबून ठेवला. आमच्या घरात जुनी बिलं कोणी बघत नाही.

यंदा पिहूनं बघितली. ती आता सतरा वर्षांची आहे, आणि तिला कॉलेजच्या कसल्याशा प्रकल्पासाठी दहा वर्षांचा वीजवापर हवा होता! मी चहा पीत होतो. समोरून ती आली, हातात साडेचार हातांचा मरून मफलर.

"पापा, इतना सुंदर मफलर, अन् पेटीत? ये तो मैं लूँगी." आणि तिनं तो गळ्याकडे नेला.

अकरा वर्षांत जेवढा आवाज मी वापरला नव्हता, तेवढा एकदम निघाला.

"नोको घालू! टाक तो! बिब्बा हाय त्याले!"

कप खाली पडला. पिहूनं मफलर टाकला. बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं मफलर पाहिला, त्यावरचे काळे डाग पाहिले, पाच इकडे, पाच तिकडे, सगळ्या बोटांसकट. मरून रंग विटला होता, डाग मात्र अगदी ताजे दिसत होते. मग तिनं माझे हात पाहिले.

"तुमी?"

मी सांगितलं. पाच मिनिटांत संपलं! अकरा वर्षं मी जे उचलून फिरत होतो, ते पाच मिनिटांचं होतं.

बायको आत जाऊन गॅस बंद करून आली. "म्या दार लावलं होतं," ती म्हणाली. "त्यायच्या तोंडावर." मग पदर खोचला. "स्कूटी काढा. पिहू, तू सायकल नोको, मागं बस. वारासिवनीले जाऊन राह्यलो आपण. आत्ता."

तिघं एका स्कूटीवर. पूर्ण रस्ताभर कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि मी चालवत असल्यामुळे मला उतरताही येईना.

ताई अंगणात उन्हाला बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा निदान चप्पल उचलेल. मी दोन्हीची तयारी केली होती.

तिनं विचारलं, "हात कशानं धुतले होते?"

"साबणानं."

"खोबरेल लावाचं होतं रे, मूर्खा. जळले असतीन हात." आणि मग आवाज फाटला. "अकरा वर्सं मी या पोरीले जवळ घ्याले भ्याली, बाबू. माह्या हाताले इख हाय, असं समजून राह्यली होती मी."

या वेळी बसही येणार नव्हती.

पिहू मात्र जमिनीवर बसली आणि ताईचे तेलकट हात ओढून आपल्या गालांवर ठेवले. दोन्ही. ताईनं ते काढले नाहीत.

आठ दिवसांनी स्टीलचा डबा आला. पिहूनं स्वतः जाऊन आणला. पिहूचे लाडू, बायकोचे लाडू, मिश्राजींसाठी वेगळी पुडी. माझ्या नावाची पिशवी सगळ्यात खाली होती. उघडली, तर आत चाळीस बिब्बे, न फोडलेले, आणि खोबरेलाची एक बाटली.

फोन केला. ताई म्हणाली, "तुह्या लाडवाची गोडंबी तूच फोडून दे. मंग वळतो तुहे."

वीस दिवस झाले. मी रोज सकाळी गच्चीवर बसतो, हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळतो, आणि पिशवीकडे बघतो. मग खाली येतो. लाडू अजून मिळालेला नाही. एवढं मात्र खरं, यंदाच्या हिवाळ्यात माझ्या हातांना एकही भेग पडलेली नाही!