मॉर्मन लोकांचा उपवास आणि माझी खिचडी

तुम्ही हसणारच आहात, तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबायला नको. आणि तो चहा जरा इकडे सरकवा. या गोष्टीत चहाला मान नाही, पण सांगताना मला लागतो.

तर माझा एक जुना आजार आहे. मला 'नाही' म्हणता येत नाही. आई म्हणते, भीड ही भिकेची बहीण. माझ्या बाबतीत बहीण कसली, जुळीच! नववीत शाळा सोडली तीसुद्धा अशीच. मामाने विचारलं, "येतोस का दुकानात, मोटारी भरायला?" तो इतक्या आशेने बघत होता की मी हो म्हणालो. मग इचलकरंजीत बारा वर्षं विजेच्या जळलेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळत बसलो. पुढे शर्वरीने लग्नाचं विचारलं. हो, तिनेच विचारलं! तिथे मात्र मला मनापासून हो म्हणायचं होतं. एवढं एकच जमलेलं काम.

शर्वरी इंजिनियर. तिला इकडे हॉलंडमध्ये नोकरी लागली आणि आम्ही बेस्ट नावाच्या गावाला आलो. ती सकाळी लॅपटॉप घेऊन जाते, मी हेंक नावाच्या एका डच माणसाच्या दुकानात सायकली दुरुस्त करतो. काम आवडतं. सायकल तुम्हाला काही विचारत नाही.

माणसं विचारतात. आपल्या मराठी मंडळींच्या जेवणाला गेलो की पहिला प्रश्न, "तुम्ही कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मी म्हणायचो, "सायकलच्या दुकानात." "अरे वा! स्टार्टअप का?" "नाही हो. पंक्चर." मग समोरचा चांगला माणूसही उगाच वडे आणायला उठायचा. त्यांचं चुकत नव्हतं, मलाच पुढे काही बोलता यायचं नाही. दीड वर्षात माझा इथे एक मित्र झाला नव्हता.

अशात एक दिवस दुकानात दोन पोरं आली. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची पाटी आणि डोक्यावर हेल्मेट. आता या देशात आज्जीसुद्धा नातवंडाला पुढे बसवून वाऱ्यात बिनहेल्मेटची सायकल हाणते. मी म्हटलं, हे कोण? तर मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक. एक अमेरिकेचा, एल्डर हॅन्सन. दुसरा ब्राझीलचा, एल्डर सिल्वा. 'एल्डर' म्हणजे वडीलधारे, आणि त्या वडीलधाऱ्यांना अजून धड मिशी फुटली नव्हती!

मी पंक्चर काढलं आणि आलं ठेचून चहा टाकला.

"आम्ही चहा घेत नाही," हॅन्सन म्हणाला.

"कॉफी?"

"कॉफीही नाही."

"मग दमल्यावर काय करता?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सिल्वा म्हणाला, "झोपतो."

मी हळदीचं दूध दिलं. पोरांनी भांडं चाटायचं तेवढं बाकी ठेवलं. तेव्हापासून दर गुरुवारी ती आमच्या घरी यायला लागली. ती त्यांच्या देवाबद्दल सांगायची, मी ऐकायचो. मग त्यांना मी आमच्याबद्दल सांगायचो, तीही ऐकायची. माझं शिक्षण किती, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तुम्हाला ही गोष्ट छोटी वाटेल. मला नव्हती.

एकदा राजकारण निघालं. तेव्हा आमच्या भागात मोठा वाद चालू होता. एका रिकाम्या ऑफिसात निर्वासितांसाठी तात्पुरतं केंद्र उघडलं होतं, आणि ते कायमचं करायचं की नाही यावरून दुकानात गिऱ्हाइकं सुद्धा भांडायची. मी हॅन्सनला विचारलं, "तुमचे धर्मगुरू काय सांगतात? कुणाला मत द्यायचं?"

"ते सांगत नाहीत. विचार कर, प्रार्थना कर, स्वतः ठरव, एवढंच."

"बरं बरं. पण हळूच कुणीतरी सांगत असेल ना?"

"नाही हो! आमच्याकडे ब्रदर विम त्या केंद्राच्या विरोधात आहेत, सिस्टर इनेका बाजूने आहेत. दोघं एकाच बाकावर बसतात."

माझा विश्वास बसेना. आमच्या भावकीच्या ग्रुपवर एका निवडणुकीत काका ग्रुप सोडून गेले, ते पुतणीच्या बारशालासुद्धा आले नाहीत. आणि हे एका बाकावर?

असो. मुद्द्यावर येतो, कारण आता माती खायची वेळ आली.

एका गुरुवारी बाहेर असला वारा की सायकल उभ्या उभ्या मागे जावी. पोरं आली तेव्हा हॅन्सनचे कान टोमॅटोसारखे लाल झालेले. दूध प्यायला आणि मग फार प्रेमाने म्हणाला, "महेश, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तू बाप्तिस्मा घेशील का?"

मी त्याच्या कानांकडे बघितलं. एवढ्या वाऱ्यातून पोरगं आलंय!

"हो," मी म्हणालो.

झालं! सिल्वाने मला मिठी मारली. हॅन्सनच्या डोळ्यांत पाणी. मीही हसलो. आता काय करणार?

संध्याकाळी शर्वरीला सांगितलं. तिने कुकरचं झाकण खाली ठेवलं.

"तुला घ्यायचाय का बाप्तिस्मा?"

"नाही."

"मग हो का म्हणालास?"

"त्याचे कान लाल झाले होते गं."

"काय?"

"कान. वाऱ्याने."

"अरे, कान लाल झाले तर टोपी द्यायची! धर्म नाही बदलायचा!"

मला वाटलं ती चिडली. पण ती समोर बसली आणि म्हणाली, "हे बघ महेश, तुझ्या मनापासून असेल तर मी काही बोलणार नाही. आईंनाही मी समजावेन. पण भिडेपोटी देवाला हो म्हणायचं? ती पोरं घरदार सोडून आलीत रे. त्यांना खोटा हो देणं बरं नाही. रविवारी त्यांच्या प्रार्थनेला जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नाहीतर मी येऊन सांगते."

ती खरंच आली असती. पण माझी भीती वेगळीच होती. मी नाही म्हटलं की गुरुवारची ती दोन हेल्मेटं परत दारात दिसणार नाहीत. या देशातले माझे सगळे मित्र मिळून दोन, आणि तेही मी आपल्याच तोंडाने घालवायचे!

तेवढ्यात आठवलं, हॅन्सन म्हणाला होता, महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या सगळ्या मंडळींचा उपवास असतो. आणि येणारा रविवार पहिलाच होता.

उपवास! माझा चेहरा उजळला. 'नाही' सांगायला रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि उपवासाला काय न्यायचं, हे मला कुणी शिकवायला हवं का?

आईला फोन लावला.

"आई, पन्नास-साठ माणसांच्या खिचडीला साबुदाणा किती भिजवू?"

"कुणाचा उपवास आहे रे?"

"इथल्या गोऱ्या लोकांचा."

"गोरी माणसं उपवास करतात?" आई गहिवरली. "किती चांगली माणसं! दाण्याचं कूट सढळ हाताने घाल हो. आणि साबुदाणा मोकळा राहिला पाहिजे, गोळा करशील नाहीतर. आपलं नाव आहे."

रविवारी पहाटे उठून खिचडी केली. तूप, जिरं, बटाटा, हिरवी मिरची, वरून लिंबू. पातेलं एवढं मोठं की हेंककडून पुढे पेटी असलेली मालाची सायकल मागून आणली. पातेल्याला शर्वरीची शाल गुंडाळली आणि बेस्टहून शेजारच्या आइंडहोव्हन शहरापर्यंत त्याला पोरासारखं जपत नेलं. रस्त्याने घोकत होतो, "मला माफ करा, मी बाप्तिस्मा घेणार नाही. मला माफ करा..."

त्यांच्या प्रार्थनाघरात छोटं स्वयंपाकघर होतं. पातेलं तिथे ठेवलं. वाफ कोंडून गोळा व्हायला नको म्हणून झाकण जरा तिरकं केलं. आईचं नाव होतं ना! त्या स्वयंपाकघराला सभागृहात उघडणारी एक खिडकी होती, हे मात्र मला दिसलं नाही.

सभा सुरू झाली. त्यांचा बिशप म्हणजे कुणी दाढीवाला असेल असं मला वाटलं होतं, तर हा घरोघरी हीटर बसवणारा यान! प्रार्थना झाली, मग तबकातून पावाचे तुकडे फिरले, नखाएवढे. मग पाणी, तेही बाहुलीच्या भांड्यात मावेल एवढं. मी मनात म्हटलं, अरेरे, एवढाच फराळ? बरं झालं बाबा मी आलो!

मग ज्याला वाटेल तो उठून माइकपाशी जाऊन मनातलं बोलू लागला. कुणी रडलं, कुणी आभार मानले. आणि हळूहळू तुपाचा, जिऱ्याचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास त्या खिडकीतून सभागृहात शिरला.

पहिल्या बाकावर कुणाचं तरी पोट वाजलं. मग तिसऱ्या. एक माणूस देवाच्या कृपेबद्दल बोलता बोलता थांबला, त्याने आवंढा गिळला आणि खाली जाऊन बसला. एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "मम्मा, भूक!" माझी छाती फुगली. म्हटलं, लोकांचा धीर सुटत चाललाय, आता उशीर नको.

आयुष्यात पहिल्यांदा मी माइकसमोर उभा राहिलो. समोर पन्नास-साठ चेहरे. घोकलेलं सगळं उडालं. मोडक्या डचमध्ये तोंडातून एवढंच निघालं, "मी महेश. मी तुमच्यासाठी उपवासाची खिचडी आणलीय. गरम आहे. सगळ्यांनी खा."

पुढच्या बाकावरच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई हळूच म्हणाल्या, "पोरा, आज आमचा उपवास आहे."

"हो. म्हणूनच."

"आज आम्ही खात नाही."

"भात-पोळी खात नाही ना? माहितीय मला. हा साबुदाणा आहे."

"आम्ही काहीच खात नाही."

"काहीच?"

"काहीच."

"बटाटासुद्धा नाही?"

"पाणीसुद्धा नाही. मघाशी फिरलं ते फक्त पूजेचं. आजचं जेवण वाचवून गरिबांना देतो."

आणि मी, देवाशपथ सांगतो, त्या भर सभेत, माइकमध्ये विचारलं, "मग उपवासाला करता काय तुम्ही?"

सगळं सभागृह फुटलं! बिशप यान टेबल धरून हसत होता. सिल्वा बाकाखाली गेला. जमीन दुभंगावी असं मला वाटलं, पण हॉलंडची जमीन आधीच समुद्राच्या खाली, आणखी कुठे जाणार? त्या गोंधळात मला वाटलं, अब्रू गेलीच आहे, आता दुसरंही सांगून टाकावं.

"आणि मी शनिवारी बाप्तिस्मा घेणार नाही," मी ओरडलोच. "मी हो म्हणालो, कारण वाऱ्याने एल्डर हॅन्सनचे कान लाल झाले होते. मला माफ करा. तुम्ही फार चांगले आहात."

हसणं थांबलं. सगळ्यांनी वळून हॅन्सनकडे बघितलं. त्याचे कान परत लाल झाले.

सभा संपल्यावर मी मागच्या दाराने सटकणार, तर तो दारातच उभा.

"रागावलास?" मी विचारलं.

"वाईट वाटलं," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवयच नाही. मग हसला. "इथे रोज लोक मला नाही म्हणतात, महेश. दार लावून म्हणतात, पडद्याआडून हात हलवून म्हणतात. नाही सांगायला एवढ्या लांबून जेवण घेऊन आलेला तू पहिलाच."

"म्हणजे गुरुवारी...?"

"दूध असेल ना?"

मी नुसती मान हलवली.

आता प्रश्न पातेल्याचा. यान म्हणाला, लहान मुलांना आत्ताच वाढू, बाकीचे संध्याकाळी एकत्र उपवास सोडू. त्या पांढऱ्या केसांच्या बाई, म्हणजेच सिस्टर इनेका, म्हणाल्या, "निम्मी त्या निर्वासितांच्या केंद्रावर पाठवू या." मी श्वास रोखला, कारण शेजारी विम उभे होते. म्हटलं, झालं, आता इथेही कोणीतरी ग्रुप सोडणार!

विम पुढे झाले, त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि डबे भरायला लागले.

"तू तर विरोधात आहेस," इनेका म्हणाल्या.

"केंद्राच्या. जेवणाच्या नाही," विम गुरगुरले. "आणि मत मी तुझ्या विरुद्धच देणार."

"दे की. ते झाकण नीट लाव."

मला काका आठवले. वाटलं, संध्याकाळी त्यांना एक फोन करावा.

मीही संध्याकाळपर्यंत थांबलो, आणि सगळ्यांसमोर कसं खाणार? चहा नाही, पाणी नाही. आयुष्यातला माझा पहिला खरा उपवास! संध्याकाळपर्यंत खिचडीचा एकच गोळा झाला होता. त्यांनी तो सुरीने केकसारखा कापून खाल्ला आणि हा आमचा खास पदार्थ म्हणून वाखाणला. आईला यातलं काही सांगू नका.

घरी आलो तर शर्वरी दारातच.

"सांगितलंस?"

"सांगितलं. माइकवरून."

"काय सांगतोस! नाही म्हणालास? तू?" ती इतकी खूश झाली की तिने मला घट्ट धरलं. मग माझ्यामागे बघितलं. "आणि आपलं पातेलं?"

"तिथेच ठेवलं."

"का?"

"सिस्टर इनेका विचारत होत्या, दर महिन्याला उपवास सोडायला खिचडी करशील का म्हणून."

"महेश..." तिने मला लांब धरलं. "तू काय म्हणालास?"

मी चपला काढायला खाली वाकलो.

"बाहेर वारा फार होता गं. बिचारीचे कान..."