उशीतल्या गोळ्या

आज लेकीच्या उशीची शिवण उसवून कापूस उन्हात पसरला, तर त्यातून पाच पांढऱ्या गोळ्या निघाल्या. तिच्या फिटवरच्या, जुन्या. "आई, या गोळीनंच जास्त फिट येतात गं," असं ती सांगायची. मला ती सबब वाटायची, गोळी टाळायची. फिट वाढल्या तसा डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि मी रोज "आ कर" म्हणून तिच्या जिभेखाली पाहू लागले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली. म्हणाले, "क्वचित कुणाला औषधानंच फिट वाढतात." पोटच्या पोरीपेक्षा डॉक्टरांच्या कागदावरचं खरं मानायला मला कुणी शिकवलं होतं? आता फिट जवळजवळ थांबल्यात. पण नवी गोळी गिळली की ती अजूनही, मी न सांगता, माझ्यापुढे येऊन जीभ उचलून दाखवते.