न बोलता वाढलेलं मटण

आमच्या लष्कर मोहल्ल्यात गिरिजाक्काच्या हातचं मटण ज्यानं खाल्लं नाही, त्याला मी म्हैसूरचा मानत नाही. बारसं असो की लग्न, पातेल्याशी पदर खोचून तीच उभी. पण गेली दोन वर्षं ती स्वतः एक तुकडाही तोंडात घालत नव्हती. मीठ बघायलासुद्धा सुनेला, नव्याला, हाक मारायची.

बायकांना वाटलं, काही व्रत धरलंय. चक्क तिच्या पाया पडायला लागल्या! मी शेजारीण, मला खरं ठाऊक होतं. गुडघ्याचं दुखणं घेऊन ती बन्नीमंटपच्या एका घरी प्रार्थनेला जायला लागली आणि मनानं येशूची झाली. तिथल्या पाद्रींनी शिकवलं होतं, पानात पडेल ते न विचारता खावं. पण कुणी 'हे देवीला वाहिलेलं' म्हणालं, तर हात आवरावा. आता आम्ही जुन्या शिपायांच्या घरातले. देवीला दाखवल्याशिवाय आमच्याकडे मटण पानात पडत नाही, आणि वाढणारीनं पहिल्या पळीला 'अंबाबाईचा प्रसाद' म्हणायचंच, अशी रीत. म्हणून अक्कानं मटणच सोडलं.

नाताळात मात्र प्रार्थनेच्या घरी तिनं पोटभर कोंबडी खाल्ली. ते कुणीतरी तिच्या नवऱ्याच्या, अंबाजीरावांच्या कानावर घातलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. दसरा जवळ आला तसे पणजोबांची तलवार मांडीवर घेऊन रोज पुसत बसायला लागले. एकदा चहा पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाले, "खंडेनवमीला देवीचा घास घेणार नाही, तो ह्या घरचा नव्हे."

अक्का माझ्याकडे येऊन रडली. "ह्या वयात कुठं जाऊ गं मी?" मग माझ्यासमोरच तिनं नव्याचा हात धरला. "वाढताना तोंड उघडू नको, आष्टे, एवढंच. सुम्ने, मुकाट वाढ. मी खाते." नव्यानं मान हलवली, पण वर बघितलं नाही.

नवमीला मी गेले तेव्हा दाराशी एक कापडी पिशवी टेकून ठेवलेली होती. अक्काच्या हिरव्या लुगड्याचा काठ बाहेर आला होता. धोब्याची असेल म्हणून मी आत गेले.

अंगणात बोकडावर पाणी शिंपडत होते. त्यानं अंग झटकलं म्हणजे देवीनं स्वीकारला. पण तो झटकेना. अंबाजीराव तांब्यामागून तांब्या ओतत राहिले, चेहरा जराही न हलवता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. अखेर बिचारा गारठून थरथरला. "कौल मिळाला," ते म्हणाले.

मटण अक्कानंच शिजवलं. केळीची पानं मांडली. नव्या आली, सासूच्या पानात मटण घातलं, आणि खरंच काही न बोलता पुढं सरकली. माझा जीव भांड्यात पडला. अक्कानं भात कालवला, घास उचलला.

"अंबाबाईचा प्रसाद," अंबाजीराव म्हणाले. तिच्याकडे बघत, शांतपणे. मग पुन्हा म्हणाले, "देवीला वाहिलेलं आहे, गिरिजा. ऐकलंस ना?"

नव्या पळी हातात घेऊन सासूकडे बघत रडायला लागली. "मामंजी विचारले, मी सगळं सांगितलं, अत्ते." संतापानं माझे कान तापले. पण बोलले का मी?

अक्कानं घास खाली ठेवला. भरलं पान मिटलं, जेवण झाल्यावर मिटतात तसंच, आणि हात धुवायला उठली. अंबाजीरावांनी रस्सा ओरपला.

"मीठ बरोबर झालंय," ते म्हणाले. "पिशवी दाराशी ठेवलीय."