नसीम आपा आणि तुरटीच्या चांदण्या

नसीम आपा आज सकाळी गेल्या. आणि मला त्यांचा अजूनही हेवा वाटतोय.

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण माझी सई सकाळपासून घास खात नाय. सख्खी आई समोर बसलीय आणि पोरगी शेजारणीसाठी हुंदके देतेय.

जीव जळणार की नाय?

औरंगपुऱ्यात आम्ही वरच्या मजल्यावर, आपा खाली. माझी नोकरी चिकलठाण्याला. शाळा सुटली की सई आपांकडं.

आणि डिसेंबर आला की गल्लीतली सगळी पोरं आपांच्या ओट्यावर.

शाळेत विंटर क्राफ्ट म्हणजे कापसाचा स्नोमॅन. तो सगळ्या आयाच करतात, मी पण केलाय. पोरं फक्त नाव टाकतात.

आपा म्हणायच्या, "बरफ का पुतला कायकू? अपने इधर कब गिरी बरफ? ठंडी तो पडती ना, उससे काम कराओ."

मग गरम पाण्यात तुरटी विरघळवायची. तारेच्या चांदणीला लोकर गुंडाळून ती दोऱ्यानं बरणीत सोडायची आणि रात्रभर थंडीत ठेवायची. हात लावायचा नाय.

सकाळी चांदणीवर लखलखीत खडे!

सई नाचत वर यायची. "आई, मी केलं! आपानं हात पण नाय लावला!"

लई झोंबायचं मला.

एका रविवारी म्हटलं, आपल्याला काय येत नाय का? सगळं सामान आणलं. लवकर व्हावं म्हणून गरम बरणी उचलली आणि थेट फ्रीजमध्ये.

निघालं काय, तर रवा! नुसता बारीक रवा, तो पण बरणीच्या तळाला.

सई म्हणाली, "आई, हळूहळू गार झालं तरच मोठे खडे येतात. आपाला विचारायचं ना."

आपाला विचारायचं म्हणे!

त्या दिवशी आपांनी गाजराचा हलवा वर पाठवला. तो पण चांगलाच झाला होता. त्याचाही राग आला.

आज दुपारी खाली गेले. त्यांची सून रुखसाना गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "भाभी, एक बात बोलूँ? अम्मी कू तुमारी भोत जलन होती थी."

"माझी? कशाची गं?"

"दिनभर सई कू वो संभालते थे. पन शाम हुई की सई सब छोड के खिडकी में. आईची गाडी आली का, आईची गाडी आली का. अम्मी बोलते थे, कित्ता बी करो, माँ आई की अपन कोन?"

मी जिना चढून वर आले.

अहो आपा, एकदा जिन्यात बोलायचं तरी! एकाच पोरीवरून दोघी आपापल्या घरात जळत बसलो.

सई अजून रडतेय. मघापासून तिला उगी उगी करत होते. आता नाय करत.

रडू दे पोटभर. आजच्या दिवस ती तुमची.

उद्यापासून मात्र माझी.

सुखानं जा, आपा.